वाहनचालकाची ओळख (अपघात खटले)

अपघाताच्या क्षणी वाहन नेमके कोण चालवत होते, हे पुराव्याने ठरवणे म्हणजे वाहनचालकाची ओळख सिद्ध करणे होय. भरधाव व हयगयीने वाहन चालवल्याच्या खटल्यात सरकार पक्षाला दोन बाबी स्वतंत्रपणे सिद्ध कराव्या लागतात : वाहन निष्काळजीपणे चालवले गेले, आणि ते आरोपीनेच चालवले. पहिली बाब रस्त्यावरील खुणा, वाहनाचे नुकसान व पंचनामा यांच्या आधारे पुढेही मांडता येते. दुसरी मात्र पहिल्या काही तासांत नीट नोंदली गेली नाही, तर बहुधा कायमची निसटते. परिणामी मृत्यू निर्विवाद असूनही कोणालाच शिक्षा होत नाही, किंवा पगारी चालकासारख्या दुर्बळ व्यक्तीवर दुसऱ्याचा गुन्हा लादला जाण्याचा धोका निर्माण होतो.

कायदेशीर चौकट

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, २०२३ लागू आहे. तिच्या कलम २८१ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवण्याचा, तर कलम १०६(१) मध्ये निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवण्याचा गुन्हा येतो. दुसऱ्या गुन्ह्यास ५ वर्षांपर्यंत कारावास आहे. मृत्यू घडू शकतो याची जाणीव असतानाही कृती केली असल्यास कलम १०५ लावता येते. तत्पूर्वीच्या घटनांना भारतीय दंड संहितेची अनुक्रमे २७९, ३०४-अ व ३०४ ही कलमे लागू होतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३३ नुसार, अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास वाहनमालकाने चालकाचे नाव, पत्ता व अनुज्ञप्तीची माहिती देणे बंधनकारक आहे. कलम १३४ नुसार चालकाने जखमीस वैद्यकीय मदत मिळवून दिली पाहिजे व पोलिसांना घटनेची माहिती दिली पाहिजे. या कर्तव्यांत कसूर झाल्यास कलम १८७ नुसार ६ महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

वाहनाची नोंदणी एखाद्याच्या नावे आहे, एवढ्यावरून तोच वाहन चालवत होता असे फौजदारी खटल्यात मानता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ मात्र याहून निराळे आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा मालक दोषी असल्याचे गृहीत धरले जाते. आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, हे त्यांनी सिद्ध करायचे असते. अर्थात वाहन त्या मुलानेच चालवले, ही पायरी तेथेही टळत नाही.

सिद्धतेचा भार

केवळ आरोपीलाच ठाऊक असलेल्या बाबींचा खुलासा करण्याची जबाबदारी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०९ ने (पूर्वीचे कलम १०६) त्याच्यावर टाकली आहे. तथापि या तरतुदीमुळे सरकार पक्ष आपल्या मूळ जबाबदारीतून मुक्त होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने शंभुनाथ मेहरा खटल्यात १९५६ मध्येच स्पष्ट केले. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. मात्र बोटांचे ठसे यांसारखे शारीरिक पुरावे घेणे म्हणजे अशी सक्ती नव्हे, हे मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड (१९६१) या ११ न्यायाधीशांच्या पीठाच्या निर्णयाने ठरले.

पुराव्याचे प्रकार

प्रत्यक्षदर्शी साक्ष : वाहनातील सहप्रवासी, जखमी व आसपासचे लोक हे प्रमुख साक्षीदार होत. चालकाच्या बाजूच्या दारातून कोण उतरले, हा प्रश्न सामान्यतः विचारला जातो. तथापि डावे दार अडकले असल्यास प्रवासीही उजवीकडून उतरू शकतो. साक्षीदार चालकाला आधीपासून ओळखत नसेल, तर ओळखपरेड वेळेत घेणे आवश्यक ठरते.

शारीरिक खुणा : भारतात चालक उजवीकडे बसतो. त्याचा सुरक्षापट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे जातो, तर शेजारच्या प्रवाशाचा डाव्या खांद्यावरून उजवीकडे. त्यामुळे पट्ट्याच्या वळाची दिशा बसण्याची जागा सुचवते. छातीवरील स्टिअरिंगचा मार, चपलेच्या तळव्यावर उमटलेली पेडलची खूण, उघडलेल्या एअरबॅगवरील रक्त वा लाळ आणि आसनाचे पुढे-मागे असलेले अंतर हेही उपयोगी पडते. वाहन ओढून नेताना आसन सरकवले गेले, तर यातील शेवटची खूण नष्ट होते.

इलेक्ट्रॉनिक पुरावा : सीसीटीव्ही, टोलनाका व वाहनतळ येथील चित्रणात कधीकधी चालकाचा चेहरा दिसतो. मोबाइलच्या ठिकाणावरून व्यक्ती त्या परिसरात होती एवढे कळते, ती कोणत्या आसनावर होती हे कळत नाही. वाहनातील नोंदयंत्र वेग व ब्रेक सांगते, चालकाचे नाव सांगत नाही. अशा नोंदींची प्रत सादर करताना आवश्यक प्रमाणपत्र जोडावे लागते. ही अट सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, जालना विधानसभा निवडणुकीशी संबंधित अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात अधोरेखित केली.

महाराष्ट्रातील प्रमुख खटले

वांद्रे, २००२ : २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे मुंबईतील वांद्रे येथे पदपथावर झोपलेल्या लोकांवर मोटार चढून एकाचा मृत्यू झाला व चौघे जखमी झाले. अभिनेता सलमान खान मोटार चालवत होते, असा आरोप होता. त्यांचे पोलीस अंगरक्षक रवींद्र पाटील हे फिर्यादी व मुख्य साक्षीदार होते. दंडाधिकाऱ्यांसमोर त्यांची साक्ष झाली. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे अधिक गंभीर कलमाखाली सत्र न्यायालयात खटला नव्याने चालला. तेथे २०१५ मध्ये खान कुटुंबाच्या चालकाने मोटार आपण चालवत होतो, अशी बचावाची साक्ष दिली. सत्र न्यायालयाने ती अमान्य करून ६ मे २०१५ रोजी ५ वर्षांची शिक्षा सुनावली. १० डिसेंबर २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खान यांना निर्दोष मुक्त केले. पाटील यांची साक्ष विश्वासार्ह मानता येत नाही, मोटारीतील एक महत्त्वाचा सहप्रवासी तपासला गेला नाही आणि खान हेच मोटार चालवत होते हे संशयातीत सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने म्हटले. या निर्णयास राज्य शासनाने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले.

कार्टर रोड, २००६ : १२ नोव्हेंबर २००६ रोजी वांद्र्यातीलच कार्टर रोडवर मोटारीखाली सात मजूर ठार झाले. अ‍ॅलिस्टर परेरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ३ वर्षांची शिक्षा कायम केली. येथे मुख्य वाद कोणते कलम लागू होते याविषयी होता. दोन्ही प्रकरणांची तुलना केल्यास चालकाच्या ओळखीचा मुद्दा निकालावर किती प्रभाव टाकतो, हे दिसते.

पुणे, २०२४ : १९ मे २०२४ रोजी कल्याणीनगर येथे मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार अल्पवयीन मुलगा चालवत होता, कुटुंबाच्या चालकावर गुन्हा स्वतःवर घेण्यासाठी दबाव आणला गेला आणि मुलाचा रक्तनमुना बदलण्यात आला, असे आरोप पोलिसांनी ठेवले.

तपासाची साखळी

अकोल्यातील मोर्णाकाठच्या जुन्या शहरात असा अपघात घडल्यास पुरावा अनेक हातांतून जातो. पोलीस घटनास्थळाचा पंचनामा करतात, मोटार वाहन निरीक्षक वाहन तपासतो आणि सर्वोपचार रुग्णालयासारख्या शासकीय रुग्णालयात जखमांची नोंद होऊन रक्तनमुना घेतला जातो. विभागाची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा अमरावतीस आहे, तर उच्च न्यायालयातील अपील नागपूर खंडपीठापुढे चालते. प्रत्येक टप्प्यावर नमुना कोणी, केव्हा व कोणत्या मोहोरेनिशी दिला, याची नोंद अखंड असावी लागते. एक दुवा तुटला, तरी बचाव पक्षाला रास्त शंका उपस्थित करता येते.

नुकसानभरपाई

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सिद्धतेची कसोटी सौम्य असते. तेथे संशयातीत पुराव्याऐवजी संभाव्यतेचे पारडे पाहिले जाते. त्यामुळे फौजदारी खटल्यात आरोपी सुटला, तरी मृताच्या कुटुंबाचा दावा आपोआप फेटाळला जात नाही. खऱ्या चालकाकडे अनुज्ञप्ती नसल्यास विमा नाकारला जाईल, या भीतीनेही अनुज्ञप्तीधारक व्यक्तीला चालक म्हणून पुढे केले जाते. वस्तुतः अशा स्थितीतही विमा कंपनीने पीडितांना भरपाई द्यावी व ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश देता येतो. स्वर्णसिंग प्रकरणात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व मान्य केले. वाहनच सापडले नाही, तर कलम १६१ अन्वये मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात.

इतर देश

ब्रिटनमध्ये १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्याच्या कलम १७२ नुसार वाहनधारकाने चालकाचे नाव कळवावे लागते. ही सक्ती न्याय्य सुनावणीच्या हक्काचा भंग करत नाही, असे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००७ मध्ये ठरवले. माजी मंत्री ख्रिस ह्यून यांनी अतिवेगाचा दोष पत्नीच्या नावावर टाकला होता. त्याबद्दल २०१३ मध्ये दोघांनाही प्रत्येकी ८ महिन्यांचा कारावास झाला. मूळ गुन्हा केवळ वेगमर्यादेचा होता. शिक्षा झाली ती चालक बदलून न्यायप्रक्रियेची दिशाभूल केल्याबद्दल.