शिकवणाऱ्यावरची देखरेख

विमान चालवता येणे आणि विमान चालवायला शिकवता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे ब्रिटनमध्ये मान्य होण्याआधी पहिल्या महायुद्धात असंख्य तरुणांचे प्राण शत्रूशी गाठ पडण्यापूर्वी, शिकण्याच्या मैदानावरच गेले. १९१२ साली अपाव्हन येथे सेंट्रल फ्लाइंग स्कूल ही लष्कर आणि नौदलासाठीची उड्डाणशाळा सुरू झाली, तेव्हा प्रशिक्षक म्हणजे अधिक अनुभवी वैमानिक, यापलीकडे त्या पदाला अर्थ नव्हता. युद्ध पेटल्यावर आघाडीवर दमलेल्या वैमानिकांना विसाव्यासाठी मायदेशी आणून शिकवण्याच्या कामाला लावले जाई. शिकवायचे कसे हे त्यांना कोणी सांगितलेले नसे, ते कसे शिकवतात हे कोणी पाहत नसे, आणि त्यांच्यापैकी अनेकजण शिकाऊ माणसाच्या हाती नियंत्रणे सोपवायलाच धजत नसत.

ही स्थिती पालटली ती रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्यामुळे. अपाव्हनच्या पहिल्या तुकडीत शिकलेल्या आणि १९१६ मध्ये फ्रान्समध्ये ६० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व केलेल्या या अधिकाऱ्याने, आपल्याकडे येणारी मुले लढण्यास तर सोडाच, सुखरूप उडण्यासही पुरेशी तयार नसतात अशी तक्रार वरिष्ठांकडे लावून धरली, आणि अखेर गॉसपोर्ट येथील प्रशिक्षण तुकडी त्याच्याच हाती देण्यात आली. दुहेरी नियंत्रणांचे, म्हणजे दोन्ही आसनांवरून चालवता येणारे, अ‍ॅव्हरो ५०४ विमान त्याने निवडले, शिकाऊ वैमानिकाला मुख्य आसनावर बसवले, आणि इंजिनाच्या गोंगाटात बोलणे ऐकू जावे म्हणून दोघांमध्ये बोलण्याची नळी बसवली. गिरकीसारख्या धोक्यांपासून विद्यार्थ्याला दूर ठेवण्याऐवजी त्याला मुद्दाम त्यांत नेऊन बाहेर पडायला शिकवावे, हे त्याचे सूत्र होते. तथापि त्याचे खरे श्रेय याहून मोठे आहे: १९१७ मध्ये गॉसपोर्टची ही शाळा प्रशिक्षकांनाच शिकवणारी शाळा बनली, आणि शिकवणाऱ्यालाही शिकावे लागते व त्याचीही परीक्षा घ्यावी लागते, हा विचार तेथून पुढे कधी मागे पडला नाही.

युद्धानंतर १९२० मध्ये हे काम सेंट्रल फ्लाइंग स्कूलकडे आले. ब्रिटिश हवाई दलात पुढे रुळलेल्या श्रेणीपद्धतीत नवा प्रशिक्षक बी-२ या सर्वांत खालच्या, परिवीक्षाधीन श्रेणीत कामाला लागतो, आणि अनुभव व फेरपरीक्षा यांच्या बळावर बी-१, ए-२ आणि क्वचित ए-१ असा वर चढतो. म्हणजे प्रशिक्षकपदाचा अभ्यासक्रम उत्तीर्ण होणे ही त्याच्या घडणीची सुरुवात मानली जाते.

नागरी उड्डाणात हाच विचार कायद्याच्या भाषेत उतरला. ब्रिटनच्या नियमांनी सहायक प्रशिक्षक असा स्वतंत्र दर्जा निर्माण केला आणि त्याच्यावर दोन बंधने घातली. त्याने शिकवावे, पण शिकवणीचे उड्डाण जेथून सुरू होते व जेथे संपते त्या विमानतळावर, उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी, पूर्ण दर्जाचा प्रशिक्षक हजर असला पाहिजे, हे एक. दुसरे अधिक सूक्ष्म होते: विद्यार्थ्याचे पहिले एकल उड्डाण, रात्रीचे पहिले एकल उड्डाण, आणि दिवसा किंवा रात्री दूरच्या ठिकाणाकडे जाणारे पहिले एकल उड्डाण, यांबाबत विद्यार्थ्याला आदेश देण्याचा अधिकार सहायकाला नव्हता. प्रशिक्षक शेजारी बसलेला असतो तोवर विद्यार्थ्याची चूक त्याला आपल्या हाताने सावरता येते. परंतु एकदा तो विमानातून उतरला आणि विद्यार्थ्याला एकट्याला वर पाठवले, की त्याच्याजवळ स्वतःच्या अंदाजाखेरीज काहीच उरत नाही. हा मुलगा आज तयार आहे की केवळ काल चांगला उतरला होता, वारा वाढला तर तो गोंधळेल का, हे ओळखण्याची नजर कोणत्याही परीक्षेत तपासता येत नाही. ती अनेक विद्यार्थी हाताखालून गेल्यावरच येते. नियम करणाऱ्यांनी बंधन नेमके या निर्णयावर घातले, यात त्यांची या व्यवसायाची जाण दिसते.

युरोपीय देशांच्या संयुक्त नियमावलीत, जी ब्रिटनने १९९९ पासून स्वीकारली, सहायक ही संज्ञा जाऊन मर्यादित अधिकारांचा प्रशिक्षक आला आणि मर्यादा उठण्याची अट आकड्यांत मांडली गेली: किमान १०० तासांची शिकवणी, आणि त्याशिवाय विद्यार्थ्यांच्या किमान २५ एकल उड्डाणांवर देखरेख. यातील दुसरा आकडा महत्त्वाचा आहे, कारण पहिली एकल उड्डाणे वगळता नंतरच्या एकल उड्डाणांसाठी विद्यार्थ्याला पाठवण्याचा सराव नव्या प्रशिक्षकाला ज्येष्ठाच्या नजरेखाली मिळावा, अशी ही योजना आहे.

अमेरिकेने मात्र वेगळा मार्ग धरला. तेथे नवा प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्याला एकट्याने पाठवू शकतो. वेळेची व तासांची अट, म्हणजे सहसा दोन वर्षे आणि २०० तासांची शिकवणी, लागते ती नवे प्रशिक्षक तयार करणाऱ्याला. दोन्ही पद्धतींमागे तर्क आहे, तरीही ब्रिटिश परंपरा अधिक शहाणपणाची वाटते. फक्त तिचे यश ज्येष्ठ प्रशिक्षकाच्या उपस्थितीवर अवलंबून आहे. नवा प्रशिक्षक बहुधा नुकताच व्यावसायिक परवाना मिळालेला आणि विमान कंपनीतील नोकरीसाठी तास जमवणारा तरुण असतो. त्याच्यावर नजर ठेवायची तो ज्येष्ठ स्वतःच दिवसभर हवेत असेल, तर देखरेख केवळ नोंदवहीतील सहीपुरती उरते, आणि अशा देखरेखीने विद्यार्थ्याचे रक्षण होत नाही.

भारतात ही परंपरा फ्लाइंग क्लबांबरोबर आली. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकून जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळवला. त्या काळचे क्लब ब्रिटिश पद्धतीनेच चालत. स्वातंत्र्यानंतर हवाई दलाने प्रशिक्षकांसाठी उभारलेली शाळा १९४८ मध्ये अंबाला येथे सुरू झाली आणि १९५४ मध्ये तांबरमला गेली. नागरी क्षेत्रात सहायक उड्डाण प्रशिक्षक आणि उड्डाण प्रशिक्षक असे दोन दर्जे आजही आहेत, आणि बारामती, गोंदिया किंवा शिरपूर येथे शिकवणाऱ्या नव्या सहायकाला पूर्ण दर्जाच्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच काम करावे लागते.