फेरफाराचा नंबर

अकोल्याच्या तहसिलीबाहेर मी अर्जनवीस म्हणून टेबल टाकून बसतो. शेतकऱ्यानं जुना, हाती लिहिलेला सात-बारा पुढं केला की मी आधी त्यातली वर्तुळं पाहतो. वर्तुळात फेरफाराचा नंबर. तो घेऊन नमुना सहाच्या नोंदवहीत गेलं की नाव कधी चढलं, कोणाकडून आलं, सारं सापडतं. ज्यानं शेत विकलं त्याच्या नावाला पटवारी कंस करायचा, मिटवायचा नाही.

ही शिस्त वऱ्हाडात वळणावळणानं आली. 1853 मध्ये निजामानं मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, 1861 पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी सुरू झाली. नागपूरकडं मालगुजारी, इकडं रयतवारी. सरकारचा हिशेब थेट कास्तकाराशी, म्हणून प्रत्येक खरेदी-वाटणी लिहून ठेवणं भागच होतं. पुढं 1928 चा वऱ्हाडचा महसूल कायदा, मग 1954 ची मध्य प्रदेशची संहिता, 1956 ला मुंबई राज्य. आजचा कायदा 1966 चा, लागू 15 ऑगस्ट 1967 पासून. एवढे कायदे पालटले, तलाठ्याला लोक आजही पटवारीच म्हणतात.

रीत साधी. हक्क मिळाला की तीन महिन्यांत कळवायचं. तलाठ्यानं नोंद धरायची, चावडीवर नोटीस लावायची. हरकत आली तर सहा-अच्या वहीत, नाहीतर मंडळ अधिकारी प्रमाणित करणार. नंबर गावाचा, ओळीनं वाढणारा. फेरफारानं मालकी मिळत नाही, हे कोर्टं सांगून थकली. गावात मात्र तोच चालतो.

दोन ठिकाणी हे कच्चं होतं. नंबर हातानं टाकायचा, त्यामुळं मधली जागा कोरी सोडता यायची. मागल्या तारखेचे फेरफार तिथंच जन्मले. आणि दुसरं म्हणजे अंमल. नोंद मंजूर झाली तरी ती सात-बारावर उतरवणं वेगळं काम, तेही हाताचं. ते राहून गेलं की वहीत शेत पोराचं, सात-बारावर मेलेल्या बापाचं. "भाऊ, नाव चढलंच नाई," या वाक्यावर माझं घर चाललं आहे.

ई-फेरफारानं हे दोन्ही बुजवलं. दुय्यम निबंधकाकडं खरेदी नोंदली की माहिती आपोआप तहसिलीत येते. नंबर यंत्र देतं, नोटीसही यंत्रच काढतं. पंधरा दिवसांनी मंडळ अधिकाऱ्याची डिजिटल सही झाली की सात-बारा स्वतः बदलतो. 2017 मध्ये चावडी वाचन घेऊन हाताचे आणि संगणकातले उतारे ताडून पाहिले. 2020 च्या नव्या नमुन्यात शेवटचा फेरफार क्रमांक तारखेसह छापला जातो. कंस गेला, आडवी रेघ आली.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांचीही अशी वही असते. सबव्हर्जन नावाच्या अवजारात ती एका जागी, म्हणून बदलांना ओळीनं नंबर. 2005 मध्ये लायनस टोरवाल्ड्सनं गिट काढलं. तिथं अख्खी वही प्रत्येकाजवळ. पुढला नंबर देणार कोण? म्हणून बदलाला चाळीस अक्षरांची खूण. ओळीचा नंबर आणि बदलांची यादी मग वेगळी अवजारं काढून देतात. पण त्यासाठी नोंद ठरीव साच्यात लिहावी लागते.

साचा आपल्याकडंही आला, आणि तो मला खटकतो. थोरली बहीण नांदायला बाळापूरला, हिस्सा मागत नाही, विहीर सामाईक, पाणी पाळीनं: असं जुन्या वारस फेरफारात वाचायला मिळतं. आता पडद्यावर 'वारस' निवडलं की काम झालं. पाळीचं भांडण आलं की मला जुनी वहीच लागते. जुने अभिलेख स्कॅन करून ऑनलाइन देणं ज्या मोजक्या जिल्ह्यांत आधी सुरू झालं त्यांत अकोला आणि अमरावती होते, ही सोय झाली. पण फार जुनी पानं मोडीत आहेत, आणि मोडी वाचणारा पानामागं पैसे घेतो.