प्रोग्रेसिव्ह रॉक: वादकांच्या गर्दीतले गायक



प्रोग्रेसिव्ह रॉक म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं. वीस मिनिटांचा तुकडा, त्यात बारा मिनिटं कीबोर्ड, पाच मिनिटं ड्रम्स, आणि गायक बिचारा कोपऱ्यात पाणी पीत उभा. आपल्यापैकी अनेकांनी कॉलेजात असताना पिंक फ्लॉइडपर्यंत मजल मारली आणि त्यापुढचं सगळं "डोक्यावरून जातं बुवा" म्हणून सोडून दिलं.

माझं म्हणणं एवढंच, की आत शिरायचं दार चुकलं. आपला कान भावगीतावर आणि नाट्यगीतावर पोसलेला. आधी गळा आणि शब्द, मग बाकीचा सरंजाम. मग इथेही गायलेल्या गाण्यांपासूनच सुरुवात का करू नये? ही नुसती सोय म्हणून सांगत नाहीये. या बँड्सचा इतिहास पाहिला तर "गाणार कोण?" हा प्रश्न त्यांच्या मानगुटीवर कायम बसलेला दिसतो, आणि त्या त्या वेळच्या उत्तराप्रमाणे बँडचं रूप पालटत गेलेलं दिसतं.

आज ज्याला एक्लेक्टिक प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, त्या प्रकारापुरतं बोलतो. हे नाव बरंच नंतरच्या वर्गवारीतून आलं. जॅझ, चर्चमधलं समूहगायन, युरोपियन शास्त्रीय रचना, लोकसंगीत, सगळीकडून वेचून घेणारे आणि कुठल्याच एका कप्प्यात न बसणारे बँड्स या नावाखाली येतात. त्यातले इंग्लंडमधले तीन मोठे: किंग क्रिमसन, व्हॅन डर ग्राफ जनरेटर आणि जेंटल जायंट.

किंग क्रिमसन

यांची सुरुवातच गमतीशीर आहे. १९६७ मध्ये बोर्नमथकडच्या मायकेल आणि पीटर जाइल्स या भावांना ऑर्गन वाजवणारा गायक हवा होता. तशी जाहिरात दिली. आला कोण, तर रॉबर्ट फ्रिप. हा गिटार वाजवायचा. ऑर्गन येत नव्हता, गाणंही गात नव्हता! तरी तिघांचं जमलं. त्यांची १९६८ ची रेकॉर्ड फारशी कोणी विकत घेतली नाही. मग इयन मॅकडॉनल्ड आला, गीतकार पीटर सिनफील्ड आला, आणि पीटर जाइल्सच्या जागी फ्रिपचा जुना दोस्त ग्रेग लेक आला. फ्रिप विंबोर्नचा, लेक शेजारच्या पूलचा. दोघेही लहानपणी डॉन स्ट्राइक नावाच्या एकाच मास्तरांकडे गिटार शिकलेले. लेकला इथे गिटार ठेवून बास घ्यावा लागला, पण बँडला गळा मिळाला.

जानेवारी १९६९ मध्ये तालमी सुरू झाल्या. ५ जुलैला लंडनच्या हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी अफाट गर्दीसमोर ते वाजवत होते, आणि ऑक्टोबरमध्ये "इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग" बाजारात आली. त्यातलं "एपिटाफ" आधी ऐका. शीतयुद्धाच्या सावलीतलं गाणं आहे, उद्याची भीती वाटणाऱ्या माणसाचं. मागे व्हायोलिनांचा ताफा आहे असं वाटतं, तो खरा मेलोट्रॉन. या वाद्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो आणि तो साधारण आठ सेकंदांत संपतो, म्हणजे सूर हवा तितका लांबवता येत नाही. त्या थरथरत्या आवाजावर लेकचा भरदार, स्वच्छ गळा ऐकला की त्या गाण्याला एवढी वर्षं लोक का धरून आहेत ते कळतं. त्याच रेकॉर्डवरचं "आय टॉक टू द विंड" अगदी उलट, हलकंफुलकं, बासरीचं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे द्यावं. पहिलंच "ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन" मात्र घरच्यांसमोर एकदम लावू नका. तिथे लेकचा आवाज मुद्दाम चिरका करून टाकला आहे. (हलके घ्या.)

वर्ष संपायच्या आत मॅकडॉनल्ड आणि मायकेल जाइल्स अमेरिकेच्या दौऱ्यातच बँड सोडायचं ठरवून मोकळे झाले. पाठोपाठ लेक इमर्सन, लेक अँड पामर काढायला गेला. आता पुन्हा तोच प्रश्न, गाणार कोण? दुसऱ्या रेकॉर्डसाठी एल्टन जॉन नावाच्या तेव्हाच्या नवख्या गायकाला ठरवलं होतं, मग फ्रिपने बेत रद्द केला. अखेर जाता जाता लेकनेच बरीचशी गाणी गाऊन दिली आणि "केडन्स अँड कॅस्केड" हे एक गॉर्डन हॅस्केलने गायलं. हॅस्केल फ्रिपचा शाळासोबती. पुढची "लिझर्ड" (१९७०) त्यानेच गायली, पण त्याचं मन त्या संगीतात रमेना, आणि रेकॉर्डिंगनंतर दौऱ्याआधीच तो बाहेर पडला. त्याच रेकॉर्डवर एका गाण्यासाठी येस या बँडचा जॉन अँडरसन पाहुणा म्हणून आला. हॅस्केलचं नशीब उघडलं ते थेट २००१ च्या नाताळात. "हाउ वंडरफुल यू आर" हे त्याचं साधं, निवांत गाणं ब्रिटिश यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं.

त्यानंतरचा बोझ बरेल. चांगला गायक, पण बास वाजवणारा मिळेना म्हणून फ्रिपने यालाच बास शिकवला. (पुढे तो बॅड कंपनीचा बासवादक म्हणून प्रसिद्ध झाला!) त्याचं "आयलंड्स" (१९७१) रात्री दिवे मालवून ऐकावं. फार थोडे सूर, फार थोडे शब्द, शेवटी कॉर्नेट. हाच बँड "स्किझॉइड मॅन" गात होता हे सांगून खरं वाटत नाही.

१९७२ मध्ये जॉन वेटन आला. हाही बोर्नमथमध्ये वाढलेला. म्हणजे १९६९ ते ७४ मधल्या चार मुख्य गायकांपैकी तिघे त्याच समुद्रकाठच्या पट्ट्यातले. तिकडे राहणाऱ्या मंडळींनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. वेटनचा आवाज घोगरा, थोडा दमलेला, पण दुखरी जागा नेमकी पकडणारा. "एग्झाइल्स" ऐका, "बुक ऑफ सॅटर्डे" ऐका, रेम्ब्रांटच्या चित्रावरचं "द नाइट वॉच" ऐका. आणि मग "स्टारलेस".

"स्टारलेस"ची मूळ चाल वेटनने आधीच्या रेकॉर्डसाठी आणली होती, तेव्हा ती बाकीच्यांना पसंत पडली नव्हती. पुढे तीच १९७४ च्या "रेड"चा शेवट झाली. बारा मिनिटांच्या या रचनेत गाणं पहिल्या चार-साडेचार मिनिटांत संपतं. मग फ्रिपची गिटार एकाच सुराला खिळून बसते, ताण चढत जातो, चढतच जातो, आणि अगदी शेवटी सुरुवातीची चाल सॅक्सोफोनवर परत येते. सुरुवातीचं गाणं कानात बसलं नसेल तर त्या परत येण्याला काही अर्थच उरत नाही. गाणं म्हणजे वादनाला लावलेली शेपटी नव्हे, हे याहून चांगलं कुठे कळणार? रेकॉर्ड दुकानात पोचली तेव्हा फ्रिपने बँड बंद केल्याचं जाहीर झालेलं होतं. वेटनचा आवाज बहुतेकांना माहीत झाला तो आठ वर्षांनी, एशियाच्या "हीट ऑफ द मोमेंट"मध्ये.

१९८१ मध्ये फ्रिपने हेच नाव पुन्हा घेतलं आणि अमेरिकन एड्रियन बेल्यूला गायला बसवलं. "माते कुदासाई" (जपानीत "जरा थांबा") हे त्यातलं सर्वात गोड.

व्हॅन डर ग्राफ जनरेटर

इथे गायकाचा प्रश्न नव्हता. इथे गायक हाच बँडचा कणा. १९६७ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात ख्रिस जज स्मिथ आणि पीटर हॅमिल यांनी सुरू केलेला हा बँड. त्याच्या गाजलेल्या रूपात गिटारला जवळजवळ स्थानच नव्हतं. ऑर्गन, सॅक्सोफोन, ड्रम्स आणि हॅमिलचा गळा. हा माणूस एका ओळीत कुजबुजतो आणि पुढच्या ओळीत किंचाळतो. पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं, म्हणून "रेफ्युजीज" (१९७०) पासून सुरुवात करावी. जिवलग मित्र, पश्चिमेकडे निघालेली वाट, कुठेतरी शांत जागा मिळेल ही आशा. आपण घर सोडून आलेली माणसं, आपल्याला हे गाणं समजावून सांगावं लागत नाही. मग "हाउस विथ नो डोर", आणि तयारी झाली की "मॅन-अर्ग" (१९७१): एकाच माणसात खुनीही राहतो आणि देवदूतही, तर मी नक्की कोण? ही ज्या रेकॉर्डवर आहे ती "पॉन हार्ट्स" मायदेशात फारशी चालली नाही, इटलीत मात्र पहिल्या क्रमांकावर गेली.

पंक आलं आणि प्रोग्रेसिव्हवाल्यांची टिंगल सुरू झाली, असं नेहमी सांगतात. पण १९७७ मध्ये सेक्स पिस्टल्सच्या जॉन लायडनला लंडनच्या कॅपिटल रेडिओवर आवडीची गाणी लावायला बोलावलं, तेव्हा त्याने हॅमिलचीही गाणी लावली. त्या गळ्यातला खरेपणा त्यालाही ऐकू आला असणार.

जेंटल जायंट

पोर्ट्समथचे तीन शुलमन बंधू: फिल, डेरेक, रे. आधी "सायमन डुप्री अँड द बिग साउंड" नावाने पॉप करायचे, १९६७ मध्ये "काइट्स" गाजलंही. (त्यांच्या एका दौऱ्यात कीबोर्डवर कोण होता? पुन्हा तोच एल्टन जॉन!) त्या यशाला कंटाळून १९७० मध्ये त्यांनी हा बँड काढला. यांची खासियत म्हणजे अनेक आवाजांची गुंफण. "ऑक्टोपस" (१९७२) मधलं मानसोपचारतज्ज्ञ आर. डी. लेंग यांच्या पुस्तकावरून सुचलेलं "नॉट्स", आणि "फ्री हँड" (१९७५) मधलं "ऑन रिफ्लेक्शन". दुसऱ्यात चार आवाज एकामागून एक शिरतात आणि प्रत्येक जण आपापली वाट चालत राहतो. आपल्याला एका सुरावटीची सवय, त्यामुळे आधी गोंधळ वाटतो. उपाय सोपा आहे: प्रत्येक वेळी एकच आवाज धरून शेवटपर्यंत जा. चार वेळा ऐकलंत की गाठ सुटते. ते जमेपर्यंत केरी मिनिअरच्या हळुवार गळ्यातलं "थिंक ऑफ मी विथ काइंडनेस" ऐका. "ऑक्टोपस"नंतर थोरला फिल घरच्यांसाठी बँड सोडून गेला, बाकीचे १९८० पर्यंत टिकले.

आता सुचवलेला क्रम:

१. आय टॉक टू द विंड
२. थिंक ऑफ मी विथ काइंडनेस
३. रेफ्युजीज
४. एपिटाफ
५. आयलंड्स
६. ऑन रिफ्लेक्शन
७. मॅन-अर्ग
८. स्टारलेस

शेवटी एक नोंद. किंग क्रिमसनचे पहिल्या पर्वातले चारही गायक आता नाहीत. बोझ बरेल २००६ मध्ये गेला, ग्रेग लेक २०१६ च्या डिसेंबरात, त्यानंतर दोनच महिन्यांच्या आत जॉन वेटन, आणि २०२० मध्ये गॉर्डन हॅस्केल. १९८१ नंतर कितीतरी वर्षं फ्रिपने त्यांची गाणी जवळजवळ बाजूलाच ठेवली होती. जुनं वाजवलं तरी बहुतेक वेळा बिनशब्दांचं. पण २०१४ पासून जॅको जॅक्झिकला गायला घेऊन बँड पुन्हा उभा राहिला, तेव्हा "स्टारलेस" परत आलं, मग "एपिटाफ"ही. २०२१ च्या डिसेंबरात जपानमध्ये तो दौरा संपला, तोवर ही गाणी गायली जात होती.

ऐकून पाहा आणि कुठलं गाणं भिडलं, कुठलं नाही, ते जरूर कळवा. "मॅन-अर्ग" अर्ध्यात बंद केलंत तरी रागावणार नाही.

कळावे, लोभ असावा.