मेहकर

महाराष्ट्र राज्याच्या बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व वऱ्हाडातील एक जुनी बाजारपेठ. बुलढाण्याच्या आग्नेयीस पैनगंगेच्या काठी एका टेकडीच्या उतारावर हे नगर वसले आहे. जिल्ह्याचे दोन स्वाभाविक भाग पडतात : उत्तरेकडील पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट, काळ्या जमिनीचा पायनघाट आणि दक्षिणेकडील डोंगरपठारी बालाघाट. मेहकर बालाघाटात मोडते. गावाचा उदय आणि ऱ्हास या दोहोंचे मूळ बव्हंशी त्याच्या या स्थानात आहे.

स्थळपुराणानुसार मेघंकर नावाच्या दैत्याचा शारंगधररूपी विष्णूने येथे वध केला व त्यावरून गावास हे नाव पडले. यादवकालीन शैलीच्या, दगडी खांबांवर उभ्या असलेल्या जुन्या धर्मशाळेवरून मध्ययुगातही येथे वाटसरूंचा राबता असावा, असे दिसते. ओस मार्गावर कोणी धर्मशाळा बांधत नाही. आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये मेहकरचा उल्लेख असून, मोगल अमलात ते एका सरकारचे मुख्य ठाणे होते.

गावाची भरभराट मुख्यतः विणकरांनी केली. येथील मोमीन विणकर एके काळी इतके संपन्न होते, की त्यांनी स्वतःच्या खर्चाने गावास तटबंदी घातली, असे जुन्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे. तटाच्या एका वेशीस मोमिनांचेच नाव मिळाले होते. दख्खनमधील बहुतेक गावकुसे राजाने, किल्लेदाराने वा जहागीरदाराने उभारली. कारागिरांनी आपल्या मागांच्या रक्षणासाठी तट बांधावा, हे उदाहरण विरळा होय. कापूस पायनघाटातून व पठारावरील शेतांतून येई, वस्त्र येथे विणले जाई आणि बैलांच्या तांड्यांवरून बाहेर जाई.

तथापि जो मार्ग व्यापाऱ्यास सोयीचा, तोच लष्करासही सोयीचा ठरतो. १७२४ मध्ये मेहकरच्या पश्चिमेस साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्क आसफजाह व मुबारिझखान यांत लढाई होऊन मुबारिझखान मारला गेला. दक्षिणेत निजामाची स्वतंत्र सत्ता या विजयाने पक्की झाली आणि पुढे वऱ्हाडात निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल सुरू झाला. दोन धन्यांना महसूल द्यावा लागणाऱ्या प्रजेची स्थिती सांगावयास नको. रघुनाथरावास साहाय्य केल्याबद्दल जानोजी भोसल्यास शासन करण्यासाठी थोरले माधवराव पेशवे निघाले, तेव्हा १७६९ मध्ये निजामाचा दिवाण रुक्नुद्दौला याच्यासह त्यांचा तळ मेहकर येथे पडला होता. १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसल्यावर चालून जाताना जनरल डव्हटन यानेही येथेच मुक्काम केला. इतिहासग्रंथांत अशा मुक्कामांची एका ओळीत नोंद होते. गावाच्या कणग्या व वैरणीच्या गंजी मात्र त्यात रित्या होतात. पेंढाऱ्यांच्या उपद्रवाने विणकरांची वस्ती विसकटली आणि १८०३ च्या भीषण दुष्काळाने उरलेसुरले वैभव संपविले.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर शांतता नांदू लागली; परंतु पेठ पूर्ववत झाली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग पायनघाटातून, मलकापूर, नांदुरा व शेगाव यांवरून गेला. जलंब-खामगाव ही शाखा व खामगावची कापूसपेठ यांचे उद्‌घाटन १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते झाले आणि खामगाव देशातील मोठ्या कापूसबाजारांत गणले जाऊ लागले. कापूस आता मागाकडे न जाता गठ्ठ्यांच्या रूपाने मुंबई बंदराकडे व तेथून विलायतेस जाऊ लागला. परत आले ते गिरणीचे स्वस्त कापड. घाटाखालच्या गावांना लोहमार्ग मिळाला. टेकडीवरचे मेहकर बैलगाडीच्या वाटेवरच राहिले. जिल्ह्याची कचेरीही बुलढाण्यास स्थिरावली. १९०१ च्या जनगणनेत खामगावची लोकसंख्या १८,३४१ होती, तर मेहकरची केवळ ५,३३०. लोहमार्ग मेहकरला आजतागायत पोहोचलेला नाही.

गावात १८८८ मध्ये खोदकाम करताना शारंगधर बालाजीची अखंड काळ्या पाषाणातील, तीन मीटरांहून उंच, कोरीव मूर्ती सापडली. ती विलायतेच्या संग्रहालयात नेली जाईल या भीतीने गावकऱ्यांनी घाईने तिची प्रतिष्ठापना केली, असे सांगतात. दैवत गावातच राहिल्याने यात्रेकरूंच्या निमित्ताने पेठेस थोडा आधार मिळाला.

कंचनीचा महाल ही येथील दुसरी प्रसिद्ध वास्तू आता भग्नावस्थेत आहे. लोणारच्या कमळजा देवीचा दिवा दिसावा म्हणून कंचनी नावाच्या नर्तकीने हा उंच महाल बांधविला, अशी आख्यायिका आहे. कमळजेचे देऊळ लोणारच्या विवरात, सरोवराच्या काठी आहे. तेव्हा महाल कितीही उंच असता, तरी तो दिवा दिसणे कठीणच. मेहकर येथे वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांनी याच महालाचे नाव आपल्या एका काव्यसंग्रहास दिले.

विसाव्या शतकात मोटार वाहतुकीमुळे नागपूर-औरंगाबाद रस्त्यावरील थांबा म्हणून गावास पुन्हा महत्त्व आले व धान्य-कापसाची पेठ सावरली. डिसेंबर २०२२ मध्ये खुला झालेल्या समृद्धी महामार्गाच्या नागपूर-शिर्डी टप्प्याचा एक जोडरस्ता मेहकरजवळ आहे.