मराठा खंदकाच्या नगरीत शिवाजी उत्सव

नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी बंगाल हादरला, तेव्हा इ. स. १७४२ मध्ये कलकत्त्याच्या रहिवाशांनी नगराभोवती खंदक खणावयास घेतला. तो ‘मराठा खंदक’ म्हणून ओळखला जाऊ लागला. मराठी ‘बारगीर’ शब्दाचा ‘बर्गी’ झाला आणि बंगाली अंगाईगीतांत भयाचे नाव होऊन बसला. अशा नगरीत १९०२ साली शिवाजी उत्सव साजरा व्हावा, हे नवलच होय.

या नवलामागे एका मराठी माणसाची लेखणी होती. सखाराम गणेश देऊस्कर यांचा जन्म १८६९ साली देवघरजवळील करों गावी झाला. घराणे मूळचे कोकणातले. पण लेखनाची भाषा बंगाली. ‘हितवादी’ पत्रात त्यांनी पत्रकारिता केली. लोकमान्य टिळकांनी महाराष्ट्रात रुजविलेला शिवोत्सव त्यांनी बंगालात नेला. त्यांच्या शिवाजीविषयक पुस्तिकेसाठी १९०४ साली रवींद्रनाथ ठाकुरांनी ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली.

त्याच वर्षी देऊस्करांचा ‘देशेर कथा’ हा ग्रंथ निघाला. कारागीर का बुडाले, शेतकरी का नागवला, देशाची संपत्ती कोठे वाहून गेली, याचा हिशेब त्यात सामान्य वाचकास समजेल असा मांडला होता. १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या, तेव्हा स्वदेशीच्या कार्यकर्त्यांना या ग्रंथाने युक्तिवाद पुरविले. १९०६ च्या उत्सवास स्वतः टिळक कलकत्त्यास आले. त्या वेळच्या भवानीपूजेमुळे काहींना मात्र तो उत्सव आपलासा वाटला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

१९०७ च्या सुरत काँग्रेसनंतर टिळकांविरुद्ध लिहिण्याचा आग्रह झाला, तेव्हा देऊस्करांनी ‘हितवादी’चे संपादकपद सोडले. १९१० साली सरकारने ‘देशेर कथा’ जप्त केली. डिसेंबर १९११ मध्ये फाळणी रद्द झाल्याची घोषणा झाली. पुढील वर्षी देऊस्कर निवर्तले.

बर्गींची लूट खोटी नव्हती, आणि उत्सवाने ती पुसलीही गेली नाही. परंतु जुन्या जखमेची आठवण असतानाही दोन प्रांत एका अन्यायाविरुद्ध एकत्र उभे राहू शकले. शेजाऱ्याची भाषा आपली मानून त्याच्या दुःखाचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाचा त्यात मोठा वाटा होता. मराठी शाळेतील विद्यार्थ्यांनी त्यांचे नाव विसरू नये.