चुकीच्या नांवाचें झाड

मनुष्याचें नांव कोणी चुकविलें तर तो तें दुरुस्त करून घेऊं शकतो. वनस्पतीला ती सोय नाहीं. युक्का हें नांव अशाच एका चुकीचें स्मारक आहे.

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर, वाळूच्या टेकड्यांत, हें झाड मूळचें वाढतें. पानें तरवारीसारखीं, टोंकाला काटा. मधून निघणाऱ्या उंच तुऱ्यावर पांढरीं, घंटेसारखीं फुलें लोंबतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याचें एक रोप लंडनच्या जॉन जेरार्डच्या हातीं आलें. वेस्ट इंडीज बेटांत 'युका' नांवाच्या कंदाची भाकरी करीत; आपल्या उपवासाचा साबुदाणा ज्यापासून होतो तोच हा कंद. आपलें रोप त्याचेंच, असें जेरार्ड समजला, आणि १५९७ सालच्या आपल्या वनस्पतिग्रंथांत त्यानें तेंच नांव छापिलें. वास्तविक दोहोंचा कांहींच संबंध नाहीं. तरीहि १७५३ सालीं लिनीअसनें 'युक्का ग्लोरिओझा' असें शास्त्रीय नामकरण करून ती चूक कायमची केली.

इंग्लंडांत या झाडाचें फूल प्रथम दिसलें तें १६०४ सालीं, एसेक्समध्यें विल्यम कॉइस यांच्या बागेंत. जेरार्ड १६१२ सालीं वारला. त्याच्या विधवेकडून कोणी तें झाड नेलें, आणि तें मेलें. परंतु हयात असतांना जेरार्डनें त्याचा एक लहानसा फुटवा पॅरिसच्या जाँ रोबँ याला पाठविला होता. रोबँच्या मुलानें त्या वंशांतलें एक रोप इंग्लंडांत एका स्नेह्याला धाडिलें, आणि अखेर तें जॉन पार्किन्सनच्या बागेंत नांदूं लागलें. १६२९ सालीं पार्किन्सननें ही हकीकत मोठ्या आस्थेनें लिहून ठेविली आहे.

आतां कोणी विचारील, बीं पेरून रोपें कां केलीं नाहींत? याचें उत्तर १८७२ सालीं सेंट लुई येथें एंगेलमन व रायली यांच्या संशोधनांतून मिळालें. युक्काचें बीं धरतें तें एका लहान पांढऱ्या पतंगामुळें. मादी पराग गोळा करून त्याची गोळी करते, फुलाच्या बीजकोशांत अंडीं घालते, आणि ती गोळी स्त्रीकेसराच्या टोंकावर दाबून बसविते. अळ्या कांहीं बिया खातात. बाकीच्या झाडाला उरतात. हा सोबती समुद्र ओलांडून गेला नाहीं. म्हणून युरोपांत युक्का फुले, पण फळ क्वचितच धरी; फुटव्यांवरच त्याचा वंश चाले.

फुटवा आपोआप दुसऱ्या बागेंत जात नाहीं. कोणी तरी तो द्यावा लागतो. जेरार्ड नांवांत चुकला खरा. पण देण्यांत चुकला नाहीं.