फोटोमागचा फोटो

माझ्या आजोळी सोप्यातल्या भिंतीवर आप्पांचा एक फोटो होता. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, कपाळावर गंध. आप्पा म्हणजे माझ्या आईचे धाकटे काका. त्यांच्याविषयी घरात एकच वाक्य ठरलेलं होतं : "आप्पा मिलिटरीत होते, पण कारकून होते." लहानपणापासून हे वाक्य ऐकलं, पण त्यातला 'पण' कधी कानाला खटकला नाही.

तीन वर्षांपूर्वी आजोळचं घर दुरुस्तीला काढलं. फोटोच्या चौकटीला वाळवी लागली होती, म्हणून मामीने पाठीमागचा पुठ्ठा काढला, तर आत आणखी दोन फोटो! नीट कागदात गुंडाळून, चौकटीच्या मापात बसवलेले. चुकून राहिलेले नव्हते, कुणीतरी जपून लपवलेले होते.

पहिला फोटो चाळीस-पन्नास जणांचा. पुढच्या रांगेतले मांडी घालून बसलेले, मागचे उभे. मध्ये ठेवलेल्या पाटीवर खडूने 'बेळगाव १९४१' लिहिलेलं. मागून दुसऱ्या रांगेतल्या एका पोराच्या डोक्यावर शाईची बारीक फुली. ओठ घट्ट मिटलेले, कान बाहेर आलेले. आमच्या घराण्याचे कान लपत नाहीत. आप्पाच ते.

दुसरा फोटो स्टुडिओतला. जाड लोकरीचा गणवेश, बाहीवर दोन फिती. पाठीमागे शिक्का होता, पण दुकानाचं नाव पुसलेलं. खाली बी-ए-आर-आय एवढी इंग्रजी अक्षरं. मामा म्हणाला, "बार्शी असणार. मधलं एक अक्षर उडालंय." सगळ्यांना पटलंही. बार्शीच्या एखाद्या कचेरीत कारकून असतील, तिथं फोटो काढला असेल. मला मात्र बार्शीच्या उन्हात तो लोकरीचा कोट काही पटेना.

आमच्या बेळगावात फौजेतली माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. मराठा रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र इथं १९२२ पासून आहे. गल्लीत दोन-तीन घरं निवृत्त सुभेदारांची असतातच. त्यांच्यापैकी एकांकडे मी फोटो घेऊन गेले. त्यांनी भिंग काढलं आणि मला वाचायला शिकवलं. चेहरा शेवटी बघायचा, म्हणाले. आधी बाही. एक फीत म्हणजे लान्सनाईक, दोन म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. मग खांदा. तिथं एम-ए-एच-आर ही अक्षरं भिंगातून दिसली. इंग्रज 'मराठा' लिहिताना मध्ये एच घालायचे, त्याचीच ती सुरुवात. मग दंडावरचं चिन्ह. गडद कापडावर तीन फिकट पानं, तिपानी गवतासारखी.

"ही आठवी डिव्हिजन," सुभेदार म्हणाले. "लाल कापडावर पिवळी पानं असायची. ताई, हे कारकुनाचं काम न्हवं. हे पायदळातले नाईक. आणि हे बार्शी न्हवे, बारी. इटलीतलं गाव."

घरी येऊन मी नकाशा काढला. इटलीच्या बुटाच्या टाचेवर, समुद्राकाठी बारी सापडलं.

तेव्हा मला आणखी एक गोष्ट आठवली. आजीच्या शिवणाच्या डब्यात बटणांच्या खाली फितीचा एक तुकडा असायचा. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे सारखे पट्टे. बाहुलीच्या वेणीला बांधायला मी तो एकदा घेतला होता, तर कधी न रागावणाऱ्या आजीने माझ्या हातातून हिसकावून घेतला. ती 'इटली स्टार' या पदकाची फीत होती. इटलीच्या युद्धक्षेत्रात सेवा केलेल्यांना ती मिळत असे.

पुढचं मी पुस्तकांतून वाचलं. आठवी डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत उतरली. नोव्हेंबरात, ऐन पावसाळी थंडीत, सांग्रो नदीवर लढली. १९४४ च्या मे महिन्यात कॅसिनोजवळची नदी ओलांडली, हिवाळा डोंगरात काढला आणि एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर पोचली. तिथं ९ एप्रिलला मराठा पलटणीच्या नामदेव जाधव यांनी गोळीबारातून जखमी सोबत्यांना नदीपार उचलून आणलं आणि शत्रूच्या मशिनगन बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आदल्या वर्षी, १० जुलै १९४४ ला, दुसऱ्या एका मराठा पलटणीतले यशवंत घाडगे इटलीतच लढताना पडले. त्यांनाही मरणोत्तर तोच सन्मान. त्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे पंचवीस लाख माणसं फौजेत गेली. सक्तीची भरती नव्हती. मग आमच्यासारख्या जैन घरातला, सूर्यास्ताआधी जेवणारा मुलगा कसा गेला? जमीन थोडी, भाऊ चार. उत्तर फार अवघड नाही.

अवघड होतं ते पुढचं. त्यांनी माणसं मारली असतील का? फोटो याचं उत्तर देत नाही. पण मनात आलेला प्रश्न परत चौकटीत घालून ठेवता येत नाही.

मी आपल्या धर्मातच उत्तर शोधलं. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितलेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून, मुद्दाम केलेली संकल्पी हिंसा श्रावकाने सोडायचीच. संसारात, धंद्यात आणि रक्षणासाठी प्रतिकार करताना होणारी हिंसा गृहस्थाला पूर्ण टळत नाही, असं शास्त्र मानतं. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती घडवून घेणारे चामुंडराय गंग राजांचे सेनापती होते. आमच्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ मध्ये रट्ट राजाच्या मंत्र्याने बांधली आणि आज तिच्या आजूबाजूला फौजेचीच वस्ती आहे. म्हणजे तलवार आणि बस्ती एका तटाच्या आत राहिलेली आपण शतकानुशतकं बघतोय. तरी परक्या राजासाठी, परक्या देशात धरलेली बंदूक रक्षणात बसते का? मी याचा निकाल देऊ शकत नाही. देणारी मी कोण?

सगळ्यात मोठी काळजी आईची होती. तिचं वय शहाऐंशी, आणि आप्पांवर तिचा फार जीव. आठवडाभर मी फोटो पर्समध्ये घेऊन हिंडले. शेवटी एका दुपारी तिच्यासमोर ठेवले. तिने चष्मा पुसला, फोटो जवळ धरले आणि म्हणाली, "अगं, हे कुठं होते इतके दिवस?"

"तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं की. आईनंच सांगितलं होतं, माझ्या लग्नानंतर."

मग कळलं ते असं. आप्पा १९४६ मध्ये परत आले तेव्हा मावशीचं लग्न ठरवायचं चाललं होतं. पोरीचा काका लंगरमध्ये काय खाऊन आला, कुणाच्या हातचं प्याला, हातून काय झालं, अशी कुजबुज गावात सुरू झाली. आलेलं एक स्थळ परत गेलं. तेव्हा आजीने फोटो उतरवले, पदकाची फीत डब्यात टाकली आणि दिराला सांगितलं, "भावजी, आजपासून तुम्ही कारकून." आप्पांनी मान डोलावली. पुढच्या वर्षी मावशीचं लग्न झालं आणि आप्पा मरेपर्यंत कारकूनच राहिले.

"आप्पांना वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

आई बराच वेळ गप्प होती. "वाटलं असणार की. पण विचारलं कुणी?"

ते वाक्य माझ्या काळजात रुतलं. लढाईहून आलेल्या माणसाला कुणी काही विचारलं नाही. खोटं बोलायला लागलेल्या वहिनीलाही कुणी विचारलं नाही. फोटो फाडून चुलीत घालणं तिला सोपं होतं. तिने ते घातले नाहीत. सगळ्यांच्या रोजच्या नजरेसमोर, एका पुठ्ठ्याआड, ठेवून दिले.

मैत्रिणींनो, तुमच्याही ट्रंकेत असे फोटो असतील. ते बाहेर काढा. बाही, खांदा, दंड भिंगातून बघा, पाठीमागचा शिक्का वाचा. सैनिकाचं नाव, गाव आणि नंबर ठाऊक असेल तर त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. युद्धात गेलेल्यांची नावं, कित्येकदा वडलांच्या नावासह आणि गावासह, कॉमनवेल्थ युद्धस्मारक आयोगाच्या यादीत सापडतात. फोटोच्या पाठीवर नावं पेन्सिलीने लिहा, शाई पुढे उमटते. आणि हे सगळं करण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. त्यांना बरंच ठाऊक असतं.

आता सोप्यात दोन्ही फोटो लावलेत, टोपीचा आणि गणवेशाचा. गणवेशाच्या फोटोमागे आईने थरथरत्या अक्षरात लिहिलंय : 'आप्पा. नाईक, मराठा पलटण. बारी, इटली.' आणि खाली, मी न सांगता : 'फोटो वहिनीने जपला.'